कँटर हरले ती रात्र: १० जून २०१४, हेन्रिको

जेम्सतीर

१० जून २०१४, मंगळवार. रात्रीचे आठ वाजून गेले होते, आमची जेवणं नुकतीच आटोपली होती, आणि शेजारच्या आजोबांनी दार वाजवलं. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त, आयुष्यभर रिपब्लिकन. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "एरिक हरला." कोण एरिक, हे कळायला मला क्षणभर लागला.

एरिक म्हणजे एरिक कँटर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या सातव्या मतदारसंघाचे, म्हणजे आमच्या हेन्रिकोचेच, खासदार. २००० साली पहिल्यांदा निवडून आलेले आणि २०११ पासून हाऊसचे, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचे, मेजॉरिटी लीडर, म्हणजे बहुमतातल्या पक्षाचे तिथले नेते. स्पीकर जॉन बेनर यांच्या खालोखालचा माणूस. बेनर गेले की स्पीकर हेच, असं सगळे धरून चालले होते. मेजॉरिटी लीडर हे पद १८९९ पासूनचं आहे, आणि त्या पदावर असताना स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पडलेला माणूस तोवर झाला नव्हता. हे पहिले.

हरवलं कोणी, तर अ‍ॅशलंडच्या रँडॉल्फ-मेकन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकांनी. ५५.५ टक्के विरुद्ध ४४.५. निसटता वगैरे नाही, चांगला ११ टक्क्यांचा फरक.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, कापायचं कोणाचं तेही तेच ठरवतात. इथे ते काम मतदार करतात, नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या काही महिने आधी. त्यातही व्हर्जिनियात मतदाराची पक्षवार नोंदणी नसते. कोणीही जाऊन कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. फक्त जात फार थोडे लोक. आमच्या मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती, त्या दिवशी मत दिलं साधारण ६५ हजारांनी.

पैशाचं म्हणाल तर तुलनाच नव्हती. कँटर यांनी ५० लाख डॉलरहून जास्त जमवले होते, ब्रॅट यांनी दोनेक लाख. कँटर यांच्या प्रचारखात्यातून नुसत्या स्टेकहाऊसांची बिलं दीड लाख डॉलरच्या वर गेली होती. ब्रॅट यांचा अख्खा प्रचार साधारण तेवढ्यात झाला. कँटर यांच्या स्वतःच्या जनमत चाचणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. मतदानाच्या दिवशी सकाळी ते मतदारसंघात नव्हतेच, शंभरेक मैलांवर वॉशिंग्टनला होते.

आजोबांच्या गॅरेजमध्ये कँटर यांच्या जुन्या पाट्या मी पाहिल्या होत्या. अंगणात रोवायच्या, तारेच्या पायांच्या. दर निवडणुकीनंतर उपटून, पुसून, भिंतीशी एकावर एक टेकवून ठेवलेल्या. त्या वर्षी मे महिन्यात अंगणात पाटी लागली ती ब्रॅटची. मी रोज ऑफिसला जाताना ती बघायचो. का बदलली, असं एकदाही विचारलं नाही. आपण पडलो एच-१बी वाले, म्हणजे कामाच्या व्हिसावरचे, मत नाही, कशाला उगाच कोणाच्या राजकारणात पडा.

हा धागा काढायचं कारण नेमकं तेच आहे. २०१३ च्या २७ जूनला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी इमिग्रेशनचं मोठं विधेयक मंजूर केलं होतं. त्यात कागदपत्रं नसलेल्या लाखो लोकांना नागरिकत्वाची वाट होती, म्हणून सगळा गदारोळ त्यावरच झाला. पण आपल्या लोकांसाठीही त्यात खूप काही होतं. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांवरची देशवार ७ टक्क्यांची मर्यादा जाणार होती. वर्षाला १ लाख ४० हजार कार्डं असतात, त्यांत बायकामुलंही मोजली जातात, ती मोजायची थांबणार होती. विधेयक हाऊसमध्ये अडून होतं. ब्रॅट यांनी प्रचारात एकच घोष लावला की कँटर 'अ‍ॅम्नेस्टी' (कागदपत्रं नसलेल्यांना सरसकट माफी) आणणार. लॉरा इनग्रॅम यांच्यासारख्या रेडिओवरच्या लोकांनी तो उचलून धरला, त्या स्वतः इथे येऊन सभा घेऊन गेल्या. निकालानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, ३० जूनला ओबामांनी जाहीर केलं की हाऊस या वर्षी विधेयकावर मत घेणार नाही, असं बेनर यांनी आपल्याला कळवलंय.

त्यानंतर तसं विधेयक आजवर पुन्हा त्या टप्प्यापर्यंत पोचलेलं नाही. बारा वर्षं झाली.

आपल्या ग्रीनकार्डच्या रांगेचा निकाल आमच्या गल्लीत लागत होता. ज्यांनी तो लावला ते माझ्याशी रोज कुंपणाशी उभं राहून गवताबद्दल आणि पावसाबद्दल बोलत होते. मी दुसरं काही बोललो नाही, हे मला अजून लागून आहे.

कोणाला ते दिवस आठवतात का? लिहा.

गोदाकाठ

छान लिहिलंय. वाचताना १९६७ आठवलं. दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी पाडलं होतं, तेव्हा आमच्या वडिलांचा आधी विश्वासच बसला नव्हता. पाटील हरू शकतात हेच लोकांना पटवून द्यावं लागलं होतं, असं ते सांगायचे.

जेम्सतीर

@गोदाकाठ, हरू शकतात हेच पटवावं लागलं, हा धागा अगदी जुळतो. पण एक मोठा फरक. पाटलांना विरोधी पक्षाने सार्वत्रिक निवडणुकीत हरवलं. कँटर यांना त्यांच्याच घरच्यांनी नाकारलं. विरोधक मजबूत झाला म्हणून हरणं वेगळं, आपलीच माणसं पाठ फिरवतात तेव्हा बाकीचे नेते जे घाबरतात ते वेगळंच. त्या रात्रीनंतर प्रत्येक रिपब्लिकन खासदार आपापल्या मतदारसंघात कोण प्राध्यापक उभा राहतोय ते बघायला लागला.

रानवारा

मी तेव्हा न्यू जर्सीत होतो, पण हे सगळं रोज वाचत होतो. लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर ठाम असहमत. इमिग्रेशनमुळे कँटर पडले, हे सोपं करून सांगणं आहे.

त्याच दिवशी, १० जूनलाच, साउथ कॅरोलायनातही प्रायमरी होती. तिथे उभे होते लिंझी ग्रॅहम. सिनेटचं ते विधेयक ज्या आठ जणांनी मिळून लिहिलं त्यांपैकी एक! सहा विरोधक होते, तरी ५६ टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. विधेयक लिहिणारा जिंकतो, आणि ते हाऊसमध्ये अडवून धरणारा हरतो. मग कारण विधेयक कसं?

माझ्या मते खरं कारण महिनाभर आधीचं आहे. १० मे रोजी सातव्या मतदारसंघाच्या पक्षाची परिषद हेन्रिकोत होती. कँटर यांच्या माणसांनी त्याआधी काही ठिकाणी 'स्लेटिंग' केलं होतं, म्हणजे परिषदेला कोण प्रतिनिधी जाणार याची यादी आधीच पक्की करून बाकीच्यांना बाहेर ठेवायचं. वर्षानुवर्षं दारोदार पत्रकं वाटणारे कार्यकर्ते भडकले. परिषदेत खुद्द कँटर बोलायला उभे राहिले तर त्यांची हुर्यो उडवली गेली, आणि त्यांचा माणूस मतदारसंघाच्या पक्षाध्यक्षपदाची निवडणूक हरला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरच्यांसमोर! धोक्याची घंटा याहून मोठ्याने कशी वाजायची?

आणि ब्रॅट फक्त इमिग्रेशनवर बोलत नव्हते. खासदारांनी आतल्या माहितीवर शेअरांचा व्यवहार करू नये म्हणून २०१२ मध्ये स्टॉक अ‍ॅक्ट आला, तो कँटर यांनी पातळ केला असं ते सभेसभेत सांगत. वॉल स्ट्रीट, बड्या कंपन्या, चेंबर ऑफ कॉमर्स यांच्या खिशात गेलेला माणूस, हे त्यांचं मुख्य सूत्र होतं. इमिग्रेशन त्या सूत्रात ओवलेला एक मणी, कंपन्यांना स्वस्त मजूर हवेत म्हणून.

जेम्सतीर

@रानवारा, ग्रॅहम यांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ते हल्ला होणार हे ओळखून वर्षभर आधीपासून घरी तळ ठोकून होते, आणि विरोधी मतं सहा जणांत फुटली होती. कँटर यांच्यासमोर एकच माणूस होता. शिवाय ग्रॅहम आपली भूमिका तोंडावर सांगत होते. कँटर यांनी लहानपणी कागदपत्रांशिवाय इथे आणलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देण्याबद्दल चांगलं बोलायचं, आणि घरोघरी पत्रकं पाठवायची ती अ‍ॅम्नेस्टी आपणच रोखली म्हणून. आजोबांकडे ते पत्रक आलं होतं. मला दाखवून म्हणाले, "हा दोन्हीपैकी नक्की कुठला?"

टीव्हीवरच्या जाहिराती आठवतात का? ब्रॅट यांना 'लिबरल प्रोफेसर' म्हणणाऱ्या? त्याआधी ब्रॅट हे नाव आमच्या भागात फारसं कोणाला माहीत नव्हतं. त्या जाहिरातींनीच ते घरोघर पोचवलं.

आकडेमोड

तेव्हा एक बोलवा होता की डेमोक्रॅटांनी मुद्दाम जाऊन ब्रॅटला मतं टाकली. बेन जोन्स नावाच्या माजी डेमोक्रॅट खासदारांनी तसं जाहीर आवाहनही केलं होतं. प्रायमरी खुली असल्यामुळे लोकांना ते पटलंही. पण ब्रॅट यांनी सगळ्यात जास्त फरकाने मारलं ते हॅनोव्हरसारख्या कट्टर रिपब्लिकन भागात. डेमोक्रॅटांची गर्दी असती तर आकडे तिकडे फुगले नसते.

अजून एक आकडा बघा. २०१२ च्या प्रायमरीत एकूण ४७ हजार मतं पडली होती, त्यांतली ३७ हजारांवर कँटर यांना. २०१४ मध्ये मतं वाढून ६५ हजार झाली, कँटर यांची मात्र २९ हजारांच्या आत आली. ब्रॅट जिंकले ३६ हजार मतांवर. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे सगळे मतदार जरी कँटर यांच्याकडे टिकले असते तरी ते वाचले असते. माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. नवीन माणसं आली हे खरं, पण जुनीही सोडून गेली.

चातक

मी एरवी नुसता वाचक. पण या धाग्यावर गप्प राहवत नाही.

माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख, डिसेंबर २०१४ ची. ईबी-२ (उच्चशिक्षितांचा वर्ग), भारत. अजून रांगेत आहे. मुलगा पुण्यात जन्मला २००८ साली, चार वर्षांचा असताना इथे आला. यंदा हायस्कूल संपलं. त्याला मराठी बोलता येतं, वाचता जेमतेम. २०२९ मध्ये तो २१ चा होईल आणि तोवर कार्ड आलं नाही तर माझ्या अर्जातून बाहेर पडेल. मग त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल, ज्या देशात तो बालवाडीपासून शिकला त्या देशात. कॉलेजच्या फॉर्ममध्ये 'नागरिकत्व' हा रकाना आला की तो माझ्याकडे बघतो.

दर महिन्याला व्हिसा बुलेटिन येतं, रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं. बायको आता उघडून बघत नाही, मी बघतो. कधी दोन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी, कधी मागे.

सिनेटचं विधेयक पास झालं असतं तर देशवार मर्यादा राहिली नसती. एवढंच मला कळतं. स्लेटिंगमुळे पडले की स्टॉक अ‍ॅक्टमुळे, ते तुम्ही अभ्यासू लोक ठरवा. आमचं दार त्या आठवड्यात लागलं.

रानवारा

@चातक, वाचून खूप वाईट वाटलं. मी आधी कारणांबद्दल बोलत होतो, परिणाम नाकारायचा हेतू नव्हता.

तरी एक सांगतो, कारण तुम्ही सगळा भार त्या एका रात्रीवर टाकताय. जानेवारी २०१४ मध्ये हाऊसच्या रिपब्लिकनांनी आपली इमिग्रेशनची तत्त्वं जाहीर केली होती, आणि आठवडाभरातच बेनर म्हणाले की ओबामा कायदा राबवतील यावर आमच्या लोकांचा भरवसा नाही, काम कठीण आहे. म्हणजे विधेयक जूनच्या आधीच आजारी होतं. शिवाय त्याच उन्हाळ्यात मध्य अमेरिकेतून हजारो मुलं एकटी सीमेवर यायला लागली. कँटर जिंकले असते तरी विधेयक तरलंच असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

जेम्सतीर

मी पण नाही म्हणणार. पण एक नोंद करून ठेवतो. देशवार मर्यादा काढणारं वेगळं, छोटं विधेयक नोव्हेंबर २०११ मध्ये हाऊसने ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं होतं. तेव्हा मेजॉरिटी लीडर कँटरच होते, आणि कुठलं विधेयक पटलावर येणार हे तोच नेता ठरवतो. ते सिनेटमध्ये अडलं. विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना ग्रीनकार्ड देणारं विधेयकही त्यांनी २०१२ मध्ये हाऊसमधून काढलं. म्हणजे आपल्या प्रश्नाची जाण असलेला माणूस त्या जागेवर बसला होता, आणि तो आमचाच खासदार होता.

कोकणकडा

पुढचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कँटर यांनी ३१ जुलैला नेतेपद सोडलं आणि ऑगस्टमध्ये खासदारकीही. थोड्याच दिवसांत मोलिस या गुंतवणूक बँकेत व्हाइस चेअरमन झाले. त्यांच्या जागी केव्हिन मॅकार्थी मेजॉरिटी लीडर. ब्रॅट नोव्हेंबरमध्ये सहज निवडून आले (समोरचे डेमोक्रॅट उमेदवार जॅक ट्रॅमेल त्याच कॉलेजातले प्राध्यापक!). जानेवारी २०१५ मध्ये फ्रीडम कॉकस हा हाऊसमधल्या कट्टर रिपब्लिकनांचा गट स्थापन झाला, ब्रॅट त्यात गेले. सप्टेंबरमध्ये बेनर यांनी राजीनामा जाहीर केला. मॅकार्थी स्पीकर होता होता राहिले आणि पॉल रायन आले. रायन २०१९ मध्ये गेले. मॅकार्थी शेवटी जानेवारी २०२३ मध्ये पंधराव्या फेरीत स्पीकर झाले आणि ऑक्टोबरात स्वपक्षीयांच्याच आठ मतांमुळे हटवले गेले.

कँटर, रायन आणि मॅकार्थी यांना एके काळी पक्षाचे 'यंग गन्स' म्हणायचे. २०१० मध्ये टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या उजव्या चळवळीच्या रागावर स्वार होऊन हाऊस जिंकून आणलं ते या तिघांनी. २०१७ मध्ये एका मुलाखतीत कँटर यांनी स्वतःच कबूल केलं की ओबामा व्हाइट हाऊसमध्ये असताना ओबामाकेअर (त्यांचा आरोग्यविम्याचा कायदा) रद्द करणं शक्य नाही हे ठाऊक होतं, तरी लोकांचा राग आपल्या उपयोगाचा आहे म्हणून तो तसाच राहू दिला. मला त्यांच्याबद्दल राग नाही, उलट एवढं उघड बोलले याचा आदर वाटतो. पण ज्या लाटेवर तिघं आले तिनेच एकेकाला किनाऱ्यावर टाकलं. आणि १६ जून २०१५ ला, कँटर हरल्याला जेमतेम वर्ष होत होतं, ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली, इमिग्रेशनवर आणि बड्या देणगीदारांच्या विरोधात बोलत. ते भाषण ऐकताना मला वाटलं, हे तर मी गेल्या वर्षी हेन्रिकोतून ऐकलंय.

अबोली

मी चेस्टरफील्डची, याच मतदारसंघातली. ब्रॅट यांची गोष्ट इथे अर्धीच राहिलीये.

२०१७ च्या जानेवारीत ते एका सभेत म्हणाले होते की ओबामाकेअरमुळे जाईन तिथे बायका मला गाठतात. त्या गाठणाऱ्यांत मीही होते! आमचा कुठलाच गट नव्हता आधी. मुलांच्या शाळेतल्या आया, योगाच्या वर्गातल्या मैत्रिणी, दोन-तीन मराठी, दोन तेलुगू. ब्रॅट सभा घेत नाहीत म्हणून आम्ही त्यांच्या ऑफिसात पत्रं नेऊन द्यायचो. मी २०१७ च्या शेवटी नागरिक झाले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं खासदारकीचं मत दिलं, अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर यांना. सीआयएत काम केलेल्या बाई. सात हजारांहून कमी मतांनी जिंकल्या. चाळीस-पन्नास वर्षं रिपब्लिकनांकडे असलेली जागा! मतमोजणीच्या रात्री आकडा वर-खाली व्हायचा आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानेच पोहे खात होते.

पुढच्याच वर्षी आमच्या भागातून गझाला हाश्मी राज्याच्या सिनेटवर गेल्या. जन्म हैदराबादचा, इथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवायच्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॅनबर्गर व्हर्जिनियाच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर. कँटर पडले नसते तर ब्रॅट आले नसते, ब्रॅट आले नसते तर आम्ही बायका घराबाहेर पडलो नसतो. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

@चातक, तुमच्या मुलासाठी रोज प्रार्थना करीन. आणि इथल्या खासदारांना पत्र लिहायचं असेल तर मसुदा करायला मी मदत करते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चातक

@अबोली ताई, व्यनि केलाय. आभार.

गोदाकाठ

खूप शिकायला मिळालं. जेम्सतीर, त्या आजोबांचं पुढे काय झालं? त्यांना कधी विचारलंत का, पाटी का बदलली?

जेम्सतीर

विचारलं, पण फार उशिरा. २०१५ च्या शेवटी आमचं ग्रीनकार्ड आलं तेव्हा मी त्यांना पेढे द्यायला गेलो. किती वर्षं लागली, विचारलं त्यांनी. अकरा, म्हटलं. ते चकित झाले. त्यांना वाटत होतं की रीतसर आलेल्या माणसाला कार्ड वर्षा-दोन वर्षांत मिळतं, आणि रांग मोडणाऱ्यांमुळे तुमच्यासारख्यांवर अन्याय होऊ नये म्हणून आपण ब्रॅटला मत दिलं. मग मी त्यांना ७ टक्क्यांचं सगळं समजावून सांगितलं. पेढ्याचा खोका मधे ठेवून आम्ही तासभर बोलत होतो. शेवटी म्हणाले, "तू हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

२०२२ मध्ये ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी मी नागरिक झालो होतो. जून २०२३ मधली प्रायमरी ही माझी पहिली. मतदान केंद्र इथल्याच प्राथमिक शाळेच्या जिममध्ये. टेबलाशी बसलेल्या बाईंनी ओळखपत्र बघून विचारलं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? आजोबांनी हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल. मतपत्रिका भरली, मशीनमध्ये सरकवली. मशीनवर दिवसभरात पडलेल्या मतांचा आकडा दिसतो. सातला केंद्र बंद होतं, पावणेसात वाजले होते, आणि आकडा होता ३१४.